मिठाचा व्यापारी आणि कुलूपबंद मराठी

आपल्यापैकी कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांना लायब्ररी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे कॉलेजची लायब्ररी, जिथे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बसायला जागा मिळत नाही. दुसरी म्हणजे प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत इन्क्लूड करून घेतो ती, दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेल्या तयार कोडची पेटी. या दुसऱ्या प्रकारात क्रिप्टोग्राफीची एक खास लायब्ररी असते. मजकूर कुलूपबंद करणं, तो वाटेत कोणी बदलला का ते तपासणं, सही खरी की खोटी ते पाहणं, ही सगळी कामं तिच्यात तयार मिळतात.

आज ज्यांचं चरित्र सांगायचं आहे त्यांनी पहिल्या प्रकारची लायब्ररी उभी केली, आणि त्यांच्या आयुष्यातलं एक मोठं काम दुसऱ्या लायब्ररीच्या विषयाला जाऊन भिडलं. त्यांनी कॉम्प्युटर पाहिला नाही. पोटापाण्यासाठी ते मिठाचा व्यापार करायचे. आणि ते आपल्याच लाइनवरचे! नाहूरहून स्लो लोकल पकडली की मुलुंड आणि पुढचं ठाणे, तिथले. त्यांचं नाव विनायक लक्ष्मण भावे.

भाव्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८७१ चा, पनवेलजवळच्या पळस्पे गावचा. गणपतीत कोकणात जाताना ज्या पळस्पे फाट्यावर आपली एसटी ट्रॅफिकमध्ये अडकते, तेच पळस्पे. पुढे ठाण्यात आणि मुंबईत त्यांचं शिक्षण झालं. ते शास्त्र शाखेचे विद्यार्थी. म्हणजे मराठीच्या इतिहासातलं एवढं मोठं नाव आर्ट्सचं नव्हे, सायन्सचं! आपल्या मराठी विभागात लेख द्यायला लाजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं. त्यामागे भावे आणि त्यांचे काही समविचारी मित्र होते. भाव्यांचं वय तेव्हा २१ वर्षांचं. आपल्याकडे या वयात पोरं सेव्हन्थ सेमची केटी सोडवत असतात. त्या काळी मोठ्या गावांतून वाचनालयं होती, पण त्यांतल्या कपाटांत भर असायचा इंग्रजी पुस्तकांचा. मराठी पुस्तकं कोणीतरी एका जागी, पद्धतशीर जमवून ठेवली पाहिजेत, ही गरजच फारशी कोणाला वाटत नव्हती. छापलेलं पुस्तक वाचायचं, रद्दीत द्यायचं, विषय संपला. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं १८९८ मध्ये. म्हणजे या बाबतीत ठाणे मुंबईच्या पाच वर्षं पुढे होतं.

पुस्तकं जमवता जमवता भाव्यांना एक गोष्ट कळली. छापलेली मराठी ही पाण्यावर दिसणारं टोक होती. खरा साठा हस्तलिखितांत होता. मठांत, देवघरांत, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, रुमालात बांधलेल्या पोथ्या. वाळवी, पाऊस आणि घरच्यांची बेपर्वाई या तिघांशी त्यांची शर्यत चालू होती. भावे त्या मागे लागले. १८९८-९९ च्या सुमारास कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ग्रंथमालेतून त्यांचं महाराष्ट्र सारस्वत प्रसिद्ध झालं. मराठी वाङ्मयाचा इतिहास सलग सांगणाऱ्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी हा एक. लेखकाचं वय तिशीच्या आत. १९०३ मध्ये त्यांनी जुन्या कवींचं अप्रकाशित काव्य छापण्यासाठी महाराष्ट्र कवि हे मासिक काढलं. पुढे ऐतिहासिक कागदांसाठी मराठी दप्तर काढलं, त्याच्या भागांना नाव दिलं रुमाल. नेपोलियनचं चरित्रही लिहिलं. आणि हे सगळं करताना धंदा मिठाचा! आपल्याकडून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या पलीकडे पाहिलं की मिठागरांची सपाट जमीन दिसते. खाडीच्या पाण्यावर उन्हाने मीठ पिकवायचं, ते विकायचं, आणि त्यातून सुचेल तेव्हा जुन्या पोथीचं पान लावायचं, असं हे आयुष्य.

पण त्यांच्या इतिहासात एक मजला गायब होता. त्याची गोष्ट सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापन केला. पंथाने संस्कृतऐवजी लोकांच्या मराठीत लिहायचं ठरवलं. चक्रधरांच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी ऋद्धिपूरला लीळाचरित्र सिद्ध केलं, ते १२७८ च्या सुमारास. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे बारा वर्षं. त्यातलं मराठी गद्य वाचताना आजही माणसं समोर बसून बोलतायत असं वाटतं. महदंबेचे धवळे, नरेंद्राचं रुक्मिणीस्वयंवर, भास्करभट्ट बोरीकरांचं शिशुपालवध अशी एकाहून एक पुस्तकं या पंथाने दिली.

मग ती कोणाला माहीत का नव्हती? कारण पंथाने ती कुलूपबंद करून ठेवली होती. अगदी शब्दशः! आपले ग्रंथ परक्याच्या हाती पडू नयेत, पडले तरी त्याला वाचता येऊ नयेत, म्हणून चौदाव्या शतकात सांकेतिक लिप्या तयार झाल्या. पहिली आणि सर्वांत जास्त वापरलेली म्हणजे सकळ लिपी. ती रवळो व्यासांनी तयार केली असं मानतात. नंतर सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी लिप्या निघाल्या. पोथी उघडली तर अक्षरं दिसायची, पण वाचली तर अर्थ लागायचा नाही. किल्ली फक्त पंथात दीक्षा घेतलेल्यांकडे.

या गुप्ततेने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत. एकीकडे ग्रंथ टिकले. बाहेरच्या कोणाला त्यात मनाचं घालता आलं नाही, नक्कल करणारा माणूस शिकवून तयार केलेला असायचा. दुसरीकडे पाचशेहून जास्त वर्षं मराठी माणूस आपल्याच भाषेच्या सुरुवातीच्या पुस्तकांना मुकला. शिवाय जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक काहीही बोलू लागतात. या पंथाबद्दलही बाहेर नाना गैरसमज पसरले आणि ते खोडायला पुरावा दाखवावा तर तो कुलपात!

हे कुलूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उघडलं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. आणि त्या उघडलेल्या दारातून आत जाऊन, तिथला माल बाहेर आणून, त्याची मराठीच्या इतिहासात नीट मांडणी करण्याचं काम ज्यांनी केलं त्यांत भावे आघाडीवर होते. काही महानुभाव काव्यं त्यांनी स्वतः छापून बाहेर काढली. १९१९ मध्ये महाराष्ट्र सारस्वतची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा पुस्तकाचं रूपच बदललेलं होतं. महानुभाव वाङ्मयाला त्यात त्याची हक्काची जागा मिळाली. जरा विचार करा. तुमचं पुस्तक गाजलेलं आहे, त्यावर तुमचं नाव झालेलं आहे. वीस वर्षांनी नवा पुरावा हाती येतो आणि पाया नव्याने घालावा लागतो. भाव्यांनी तो घातला. आपण व्हायव्हाला चुकीचं उत्तर सुद्धा बदलायला तयार नसतो!

आता आपल्या विषयाकडे येऊ. सकळ लिपी तुटली का? आपल्या भाषेत सांगायचं तर तो सबस्टिट्यूशन सायफर होता. एका अक्षराऐवजी दुसरं अक्षर किंवा खूण लिहायची. सेकंड इयरच्या जर्नलमध्ये दोन अ‍ॅरे घेऊन आपण जो प्रोग्रॅम लिहितो, तोच. यात किल्ल्या कमी असतात असं नाही. फक्त ३० अक्षरांची अदलाबदल किती प्रकारे होईल? ३० फॅक्टोरियल, म्हणजे २६५ आणि त्यावर ३० शून्यं! एकेक किल्ली लावून पाहायची तर जन्म पुरणार नाहीत. पण एकेक किल्ली लावायची गरजच नसते. अक्षराने कपडे बदलले तरी त्याची सवय बदलत नाही. जे अक्षर मराठीत वारंवार येतं, त्याची बदली खूणही वारंवार येते. लीळाचरित्रासारख्या ग्रंथात चक्रधरांचा उल्लेख गोसावी या शब्दाने पानोपानी आहे. तीच तीच तीन चिन्हं पुन्हा पुन्हा दिसू लागली की हुशार माणूस तिथे बोट ठेवतो. तीन अक्षरं सुटली की शेजारची सुटतात, शब्दकोड्यासारखी. ही युक्ती अरब विद्वान अल्-किंदी याने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. या लिपीत पद्धत आणि किल्ली एकच. तक्ता हाच सगळा. तो एकदा बाहेर पडला की एक पोथी उघडत नाही, त्या लिपीतल्या सगळ्या पोथ्या उघडतात, मागच्या पाचशे वर्षांच्या. आणि किल्ली बदलायची तर सगळ्या पोथ्या पुन्हा लिहायला घ्याव्या लागतील.

१८८३ मध्ये, म्हणजे ठाण्याचं संग्रहालय निघण्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, पॅरिसमध्ये ऑगस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषाशिक्षकाने लष्करी गुप्तलेखनावर लेख लिहिला. त्यातला एक नियम आज आपला पाया आहे. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली, आणि ती सहज बदलता आली पाहिजे. आजच्या क्रिप्टो लायब्ररीचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे.

ओपनएसएसएल घ्या, लिबसोडियम घ्या, जावावाल्यांची बाउन्सी कॅसल घ्या. सगळ्यांचा सोर्स कोड उघडा, कोणीही वाचावा. आत काय मिळतं?

पहिलं, गुप्तता. एईएससारखे सायफर. एईएस कसा ठरला ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगाला जाहीर आवाहन केलं. १५ पद्धती स्पर्धेत उतरल्या. त्या सगळ्या छापून टाकल्या आणि जगभरच्या तज्ज्ञांना सांगितलं, मोडून दाखवा. २००० मध्ये दोन बेल्जियन तरुणांची पद्धत निवडली गेली आणि २००१ मध्ये ती मानक झाली. कुलपाचा नकाशा चौकात टांगलेला, तरी कुलूप शाबूत! सकळ लिपीच्या बरोबर उलट.

दुसरं, मजकूर जसाच्या तसा आहे याची खात्री. भाव्यांसारख्या संशोधकाचं निम्मं आयुष्य यात जातं. एकाच ग्रंथाच्या चार पोथ्या, चारींत पाठ वेगळे, खरा कोणता? कोणत्या नकलाकाराने ओळ गाळली? लायब्ररीत यासाठी हॅश फंक्शन असतं. एसएचए-२५६ ला अख्खा ग्रंथ द्या, तो २५६ बिटांचा एक ठसा देतो. ग्रंथात एक काना बदला, ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. मूळ ठसा जपून ठेवला असेल तर नक्कल बरोबर आहे का हे सेकंदात कळतं.

तिसरं, हे कोणी लिहिलं याचा पुरावा. जुन्या मराठीत प्रसिद्ध संताचं नाव शेवटच्या ओळीत घालून रचना करणारे कमी नव्हते. डिजिटल सिग्नेचरमध्ये लेखकाकडे एक खासगी किल्ली असते, जगाकडे तिची जोडीदार जाहीर किल्ली. सही खासगीने करायची, तपासायची जाहीरने. या जोडकिल्लीची कल्पना १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडली. पुढच्याच वर्षी आरएसए आली. आपण मोबाइलवरून बँकेचं पान उघडतो तेव्हा पडद्यामागे हेच चालू असतं.

चौथं, किल्ली तयार करायला लागणारे यादृच्छिक आकडे. हे काम सोपं वाटतं, पण घात इथेच होतो. तो किस्सा पुढे.

आणि पासवर्ड? तो कधीच जसाच्या तसा साठवायचा नाही. त्यात प्रत्येकासाठी वेगळी, आपोआप निवडलेली अक्षरं मिसळायची आणि मग मुद्दाम सावकाश चालणाऱ्या फंक्शनमधून ठसा काढायचा. त्या मिसळलेल्या अक्षरांना म्हणतात सॉल्ट. मीठ! मीठ नसेल तर दोन पोरांचा एकच पासवर्ड असल्यास ठसाही एकच येतो आणि चोराचं काम सोपं होतं. आमच्या चरित्रनायकाला हा शब्द नक्की आवडला असता.

मेसमध्ये बसून यावर चर्चा झाली की कोणीतरी म्हणतोच, अरे, आपण आपला स्वतःचा सायफर लिहू, कोणाला माहीतच नसेल तर तोडणार कोण? प्रोजेक्टच्या प्रत्येक बॅचमध्ये असा एक ग्रुप असतो. त्यांना उत्तर एकच. रवळो व्यासांपासूनची परंपरा हुशार माणसांची होती, तरी तक्ता उघडलाच. जी पद्धत लपवल्यामुळेच सुरक्षित आहे ती पहिल्या वाचकापर्यंतच सुरक्षित असते. म्हणून तयार, तपासलेली लायब्ररी वापरा. स्वतःचा सायफर शिकण्यासाठी जरूर लिहा, लोकांच्या पैशाला आणि पत्रांना लावू नका.

पण मित्रांनो, गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहील. उघडं ठेवलं म्हणजे आपोआप सुरक्षित झालं असंही नाही. २००६ मध्ये डेबियन लिनक्सच्या मंडळींनी ओपनएसएसएलमधल्या, निरुपयोगी वाटलेल्या ओळी काढून टाकल्या. त्यामुळे किल्ल्या बनवणारा यादृच्छिकपणाच आटला. प्रत्येक लांबीच्या किल्लीला फक्त सुमारे ३२ हजार पर्याय उरले. एखादा लॅपटॉप ते सगळे बसल्या बैठकीला तपासून पाहील. हे लक्षात आलं मे २००८ मध्ये. दोन वर्षं कोड सगळ्यांसमोर उघडा होता! त्यानंतर एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड उघडकीस आला. समोरचा जेवढी लांबी सांगेल तेवढी मेमरी त्याला परत पाठवायची, सांगितलेली लांबी खरी आहे का हे पाहायचंच नाही, एवढी साधी चूक. तीही दोन वर्षं उघड्यावर. जगातल्या वेबसाइटींचा मोठा हिस्सा त्या लायब्ररीवर उभा होता, आणि तिची देखभाल करणाऱ्या मूठभर लोकांना देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २००० डॉलर. सगळे वापरत होते, वाचत कोणी नव्हतं.

इथे पुन्हा ठाण्याचा मिठाचा व्यापारी आठवतो. पोथ्या शेकडो घरांत होत्या. राजवाड्यांनी किल्ली शोधल्यावर त्या वाचता येण्याजोग्याही झाल्या. तरी कोणीतरी बसून, पान लावून, ओळ तपासून, यादी करून, चुकलेलं दुरुस्त करून पुढे देणारा लागतोच. त्याला पगार नसतो, टाळ्या कमी असतात. भाव्यांनी ते काम धंदा सांभाळून केलं. लायब्ररी पुस्तकांची असो की कोडची, तिच्या भिंती अशाच माणसांवर उभ्या असतात.

विनायक लक्ष्मण भावे १२ सप्टेंबर १९२६ रोजी गेले. वय ५४. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, धुळ्यात राजवाडेही गेले. कुलूप उघडणारा आणि आतलं धन मांडणारा, दोघांचं जाण्याचं वर्ष एकच. लीळाचरित्र छापून लोकांच्या हाती आलं ते १९३० च्या दशकात, नागपूरच्या हरि नारायण नेन्यांमुळे. भाव्यांना ते पुस्तक छापील रूपात पाहायला मिळालं नाही. त्यांच्या महाराष्ट्र सारस्वतला पुढे डॉ. शं. गो. तुळपुळ्यांनी मोठी पुरवणी जोडली. आपल्या भाषेत, पुढची व्हर्जन दुसऱ्याने रिलीज केली.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आजही चालू आहे, सव्वाशे वर्षं ओलांडून. हॉस्टेलवरून निघालात तर नाहूर ते ठाणे दोनच स्टेशनं, पुढे चालत जाता येईल एवढं अंतर. एखादा रविवार काढा. आणि कॉम्प्युटरवाल्यांना एक जादा गृहपाठ. या सेमच्या प्रोजेक्टमध्ये जी लायब्ररी इन्क्लूड कराल, तिचं निदान एक फंक्शन उघडून स्वतः वाचा. चूक सापडली तर कळवा. सापडली नाही तरी वाचणाऱ्यांत एकाची भर पडेल, आणि कमी आहेत ते वाचणारेच.